उरवाई, दुसरं वळण

सपाटीवर तिला काही होत नाही.
नया बाजार, बाड्याची कोंडी, फूलबागेचा लाल दिवा,
सगळीकडे शहाण्या मुलीसारखी थांबते, निघते.
उरवाई दरवाज्यातून आत शिरलं,
कातळातल्या तीर्थंकरांचे गुडघे खिडकीशी आले
की दुसऱ्या वळणावर
ऐन पाय दाबताना ती अडखळते.
भर्र. फट्. भर्र. फट्, फट्.
मागचा जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसतो
आणि मी, किल्ल्यावरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी बाई,
स्टिअरिंगला म्हणते, चल ना गं.

रोग सांगणारे पुष्कळ भेटले.
शेजारचे मुजुमदार: पेट्रोलात रॉकेल आहे, पंप बदला.
पंप बदलला.
धाकटे दीर: फिल्टर.
तोही बदलला, जुना घरी कापून पाहिला,
आत चिमूटभर तांबूस माती, बाकी निर्दोष.
पडावच्या मोठ्या वर्कशॉपनं चार प्लग घातले,
कार्ब्युरेटर धुतला, अडीच हजारांची पावती फाडली
आणि वर सांगितलं, मॅडम, आता वय झालं.
हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता.

मग गोल पहाडिया.
हरगोविंद कुशवाहचं गॅरेज म्हणजे एक शटर, एक बाज
आणि बाजेवर पापडांसारखी पसरलेली गास्केटं.
त्यानं बॉनेटला हात लावला नाही.
आधी विचारलं, कधी?
थंड असताना की तापल्यावर?
एकट्या असता तेव्हा, की माणसं भरून?
पाय हलका ठेवला तर?
दव पडलेल्या सकाळी जास्त का?
इतकं तर मला टायफॉइडमध्येही कुणी विचारलं नव्हतं.
मी आठवून आठवून उत्तरं दिली.
"शाम को लाना," तो म्हणाला. "अंधेरे में."

जानेवारीतले सात.
शटर अर्धं ओढलं, बल्ब घालवला,
शेजारच्या न्हाव्याला ओरडून त्याचाही घालवायला लावला.
इंजिन चालू.
काही नाही. काळोख, आणि रबराचा ऊन वास.
मग त्याचा पोऱ्या आत बसला,
हँडब्रेक ओढून, गिअर टाकून,
क्लच अर्धा सोडत त्यानं पेडल दाबलं,
गाडीला वाटावं चढ आला.
तेव्हा तिसऱ्या तारेच्या बगलेतून
एक निळी मुंगी निघाली,
लोखंडावर उतरली, विझली.
परत निघाली. फट्.
परत.

"देखिए," हरगोविंद हळूच म्हणाला,
झोपलेलं मूल दाखवावं तसा.

रिकाम्या इंजिनाला थोडकी ठिणगी पुरते.
ओझं आलं की आतला दाब वाढतो,
प्लगच्या टोकावरची ती मिलिमीटरभर उडी
फार मोठी होते,
आणि वीज आत जायचं टाळते,
बाहेर कुठे भेग आहे का, ते बघते.
हे मी अकरा वर्षं फळ्यावर काढते आहे,
खडूच्या बाणासकट.
अकरावी ब. परीक्षेला हमखास.

चारही तारा नव्या, कॅप नवी, साडेसातशे.
मी घासाघीस केली नाही.
जुनी तार मागून घेतली.
उजेडात कितीदा फिरवली,
भेग नखालाही लागेना.

सकाळी धुकं होतं.
गुडघे दिसले नाहीत, नुसता ओला दगड.
दुसरं वळण.
दात आवळून मी पाय दाबला
आणि ती गेली.
नुसती गेली.

तिसऱ्या वळणावर माझ्या लक्षात आलं,
मी अजून पुढे झुकूनच बसले आहे,
तिला ढकलत.